समोच्च रेषांचं मॉडेल ‘संकलनासाठी’ मागितलंय, द्यावं का?

मॅडम, तुमच्या पोस्टमध्ये माझंच जुनं दुखणं दिसलं. सातवीच्या समोच्च रेषांसाठी (नकाशावर सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा) तुम्ही गावामागच्या डोंगराचं पुठ्ठ्याचं मॉडेल केलंत, सोबत नकाशा आणि कृतिपत्रिका केल्यात, आणि आता निरोप आलाय की सगळं ‘संकलनासाठी’ मूळ स्वरूपात जमा करा. माझं मत सरळ आहे. प्रत द्या, फोटो द्या, हवं तर स्वतः जाऊन दाखवून या. मूळ वस्तू शाळेच्या फाटकाबाहेर जाऊ देऊ नका. (मी खासगी अनुदानित शाळेत आहे, तुमची जिल्हा परिषदेची. लेखी आदेश आला तर मुख्याध्यापकांशी बोलूनच काय ते ठरवा. तोंडी निरोप असेल तर ‘लेखी पाठवा’ म्हणा, निम्मे निरोप तिथेच विरतात.)

परातीत बटाटा ठेवून पाणी चढवत समोच्च रेषा दाखवणं वगैरे तुम्हाला सांगायची गरज नाही, त्यामुळे थेट मुद्द्यावर येतो.

आमच्या शाळेमागच्या किल्ल्याचं असंच मॉडेल मुलांनी केलं होतं. १:५०,००० च्या (१ सेंमी म्हणजे जमिनीवर ५०० मी.) स्थलनिर्देशक नकाशावरचा, म्हणजे डोंगर, ओढे, वाटा, गावं तपशिलात दाखवणाऱ्या सरकारी नकाशावरचा, तेवढाच भाग चौपट मोठा केला, म्हणजे १:१२,५०० वर आणला, आणि ए-थ्री कागदावर उतरवला. शाळा, पाझर तलाव, पायवाट, सगळं मुलांच्या हातचं. एका कार्यालयाने (कुठलं ते विचारू नका, मला अजून नोकरी करायची आहे) ‘जिल्ह्यातल्या सगळ्या भूगोल शिक्षकांना उपयोग होईल’ म्हणून पूर्ण संच मागवला. दिला. पोच घेतली, शिक्का, आवक क्रमांक, सगळं रीतसर. नंतर परत मागायला गेलो तर ज्यांनी घेतलं त्यांची बदली झालेली. नव्या साहेबांनी पोच उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, यावर ‘साहित्य संच’ लिहिलंय, मॉडेल कुठे लिहिलंय? पुढे कोणी म्हणालं गोदामात असेल, कोणी म्हणालं किल्ली शिपायाकडे, शिपाई निवडणुकीच्या कामाला. शेवटी किल्ला सापडला तो व्हरांड्यात, जुन्या गठ्ठ्यांखाली, ओला होऊन सपाट झालेला. साडेसहा कोटी वर्षांत आमच्या बसाल्ट खडकाची झाली नसेल एवढी झीज एका पावसाळ्यात झाली होती.

तरी मॉडेल पुन्हा करता येतं. खरा घोळ पुस्तिकेने केला. संकलनाची पुस्तिका निघाली ए-फाइव्ह आकारात. ए-थ्रीवरचा नकाशा त्यात बसवला म्हणजे लांबी-रुंदी बरोबर निम्मी झाली. खाली मात्र आमचंच वाक्य जसंच्या तसं छापलेलं: १ सेंमी = १२५ मी. ते २५० हवं होतं. रेषाप्रमाणाची पट्टी (किती लांबी म्हणजे किती अंतर हे दाखवणारी आखलेली रेघ) आम्ही काढली होती, ती ‘जागा पुरत नाही’ म्हणून कापलेली. ती राहिली असती तर नकाशाबरोबर आपोआप लहान झाली असती आणि काहीच बिघडलं नसतं. ज्या पाठात मुलांना प्रमाण शिकवायचं, त्याच पाठाचं साहित्य प्रमाण चुकवून जिल्हाभर वाटलं गेलं! आमच्याच मुलांनी पुस्तिकेवरून शाळा ते तलाव अंतर मोजलं तर निम्मं आलं. एक पोरगा म्हणाला, ‘सर, तलाव जवळ आला.’ वीस-वीस मीटर उंचीच्या अंतराने काढलेल्या समोच्च रेषा कड्यापाशी एकमेकींत मिसळून नुसता काळा डाग झाला होता, ते वेगळंच. शुद्धिपत्रक काढा म्हणून लेखी कळवलं. उत्तर तोंडी मिळालं: पुस्तिका मंजूर झालीय, आता बदल होत नाही. आणि ‘एवढं कोण मोजतंय?’

मुखपृष्ठावर संकलकांची नावं होती, मुलांची कुठेच नव्हती. त्याचं वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. पण तो विषय काढला की मी फार बोलतो, म्हणून थांबतो.

तेव्हा तुम्ही नकाशा कोणालाही द्या, पण वाक्यातलं प्रमाण आणि १:१२,५०० असलं अंकप्रमाण दोन्ही काढून टाका, फक्त रेषाप्रमाण ठेवा. तेही नकाशाच्या चौकटीच्या आत, एखाद्या कोपऱ्यात कापता येईल असं नको. पीडीएफ पाठवताना कोपऱ्यात १० सेंमीची एक रेघ काढा आणि लिहा, ‘छापल्यावर ही पट्टीने मोजा’. प्रिंट काढणारा ‘फिट टू पेज’ करतो आणि त्याला ते कळतही नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून टाकू नका, डॉक्युमेंट म्हणून टाका, नाहीतर आकडे वाचताच येत नाहीत.

तुमच्या मॉडेलच्या फोटोवरून एक गोष्ट, राग मानू नका. तुम्ही १:५०,००० वरच थर कापलेत असं दिसतं. त्या प्रमाणावर २० मीटर उंची म्हणजे ०.४ मिमी. तुमचा पुठ्ठा ३ मिमीचा असेल तर डोंगर साडेसात पट उभा झाला. मुलांना तो सुळका वाटणारच. नकाशा चौपट मोठा केलात तर २० मीटरला १.६ मिमी येतात, मग तोच पुठ्ठा दुपटीच्या आतच फुगवतो. चालतं तेवढं, पण मॉडेलवर लिहून ठेवा. मूळ नकाशासाठी सर्व्हे ऑफ इंडियाच्या (देशाचे अधिकृत नकाशे काढणारी सरकारी संस्था) संकेतस्थळावर ओपन सिरीजच्या, म्हणजे सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या, नकाशा-पत्रकांच्या पीडीएफ मिळतात. आपला डोंगर नेमका दोन पत्रकांच्या सांध्यावर येतो, हा माझा अनुभव. जोडायची तयारी ठेवा.

भारताचा आराखडा कृतिपत्रिकेत असेल तर तोही तिथलाच घ्या. हाताने काढलेली उत्तर सीमा छापून वाटू नका. सर्व्हेच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणं १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. मी वकील नाही, शिक्षकाला कोणी आत टाकेल असंही म्हणत नाही, पण अशा एका कारणावरून चांगला संच बाजूला ठेवायला वरच्यांना आवडतं. दुकानातले कोरे नकाशेही एकदा तपासून घ्या. लडाख वेगळा झालेला नाही (२०१९) किंवा पालघर जिल्हाच नाही (२०१४) असे गठ्ठे अजून विकले जातात.

आणि खरं सांगू का, दुसऱ्या गावाच्या शिक्षकाला तुमच्या डोंगराचा उपयोग कमीच. त्याला त्याचा डोंगर हवा. त्यामुळे वस्तू फिरवण्यापेक्षा कृती आणि आकडे फिरवा. आम्ही काही जण आता हेच करतो आणि त्यात कुठलंच कार्यालय लागत नाही. २३ सप्टेंबरच्या सुमारास एक मीटरची काठी मैदानात उभी करायची आणि दुपारी दर दोन मिनिटांनी सावलीचं टोक खुणावायचं. रत्नागिरीकडे सर्वांत आखूड सावली साधारण ३१ सेंमी येते, तीही साडेबाराच्या आसपास. गोंदियाकडे ती ३९ सेंमीच्या जवळ आणि बारा वाजून गेल्यावर लगेचच. लांबीच्या फरकातून अक्षांश निघतो, वेळेच्या फरकातून रेखांश. एका अंशाला ४ मिनिटं हे आठवीच्या मुलांना पाठ असतं, पण गोंदियाच्या मुलांचा आकडा फोनवर आला की ते खडू घेऊन फळ्याकडे धावतात.

तुमची शाळा किनाऱ्याकडे आहे, आम्हाला तिकडचं कोणीतरी हवंच आहे. यायचं असेल तर मला निरोप टाका. काठी ओळंबा लावून उभी करा, डोळ्याच्या अंदाजाने नको. उत्तरेला किंवा दक्षिणेला एक अंश कलली तर अक्षांशही जवळपास तेवढाच चुकतो, म्हणजे शंभरेक किलोमीटर. आणि ढग असतील तर दुसऱ्या दिवशी घ्या, फक्त तारीख कळवा.