दाढ शाबूत, तरी जबडा का दुखतोय?

"मॅडम, दातांच्या डॉक्टरांनी मला तुमच्याकडे पाठवलंय. म्हणजे मी दुखण्याचं नाटक करते असं वाटतं का त्यांना?"

मी समुपदेशक. माझ्यासमोरच्या खुर्चीत नीट टेकायच्या आधीच तिनं विचारलं. तिला सुजाता म्हणू. तिच्या परवानगीनं लिहितेय. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय 25, गाव लातूरकडचं, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारी, एमपीएससीचा तिसरा अटेम्प्ट. दोन महिन्यांपासून डाव्या कानापुढे ठणका. कान दुखतो म्हणून आधी कानाच्या डॉक्टरांना दाखवलं, कान स्वच्छ. अक्कलदाढ असेल म्हणून एक्स-रे काढला, दाढ शाबूत. झोपेत दात खाते असं रूममेटनं सांगितल्यावर आईनं फोनवरूनच जंताचं औषध घ्यायला लावलं. तेही झालं. मेसमध्ये पोळी चावत नाही म्हणून ती आमटीत कुस्करून खायची आणि रात्री वेदनाशामक गोळी घेऊन अभ्यासाला बसायची.

शेवटी एका दंतवैद्यांनी तिच्या जिभेच्या कडेवर उमटलेले दातांचे ठसे पाहिले, गालाच्या आतली पांढरी रेघ पाहिली, जबड्याच्या स्नायूवर बोट दाबलं. ती कळवळली. "परीक्षेचं टेन्शन आहे का?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि ती तिथेच रडायला लागली.

नाटकाबद्दलचा तिचा प्रश्न मला फार मुलं विचारतात. काही जण तर विचारतही नाहीत, मनात ठेवून निघून जातात आणि परत येत नाहीत. म्हणून मी तिला आधी सांध्याबद्दलच सांगितलं. कानाच्या भोकाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडमीट करा. बोटाखाली हलतो तो जबड्याचा सांधा. तो बिजागरीसारखा फिरतो आणि शिवाय पुढेही सरकतो, मध्ये एक लवचीक चकती असते. त्याला हलवणारे स्नायू चावायला बनलेले, त्यामुळे भलतेच ताकदीचे. चावताना, गिळताना सोडलं तर वरचे-खालचे दात एकमेकांना टेकायला नकोत, त्यांच्यात थोडी फट हवी. मन सावध, घाबरलेलं असलं की ही फट मिटते. खांदे वर चढतात तसा जबडा आवळला जातो, आपल्याला पत्ताही लागत नाही. तासन् तास आवळलेली मूठ दुखणारच ना? मग जबडाही दुखणार. हे दुखणं स्नायूत आणि सांध्यात आहे, खरं आहे.

आणि डॉक्टरांचं म्हणाल, तर त्यांनी योग्य तेच केलं. जबड्याच्या सांध्याच्या आणि स्नायूंच्या या विकाराला टीएमडी म्हणतात; त्याच्या निदानासाठी जगभर वापरले जाणारे जे निकष 2014 साली प्रसिद्ध झाले, त्यांचे दोनच भाग आहेत: एकात सांधा आणि स्नायूंची तपासणी, दुसऱ्यात चिंता, उदासी, दुखण्यामुळे रोजचं काय काय अडलं याची विचारपूस. 2023 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तज्ज्ञांनी जुनाट दुखण्यासाठी ठामपणे सुचवलेल्या उपचारांत जबड्याचे व्यायाम आहेत आणि विचार-वर्तनावर काम करणारी सीबीटी ही मानसोपचार पद्धतीही आहे. हे ऐकून तिनं पहिल्यांदा पाठ टेकली.

मी तिला तोंड उघडून आपलीच बोटं उभी घालायला सांगितली. एरवी तीन बोटं बसतात. तिची दोनच गेली.

मग मी टिकल्यांचं पाकीट काढलं. आमच्याकडे हे नेहमीचं आहे. अभ्यासिकेतल्या टेबलावर, मोबाइलच्या मागे, पाण्याच्या बाटलीवर एकेक लाल टिकली चिकटवायची. दिसली की बघायचं: दात टेकलेत का? टेकले असतील तर ओठ मिटलेले ठेवून दात सोडायचे, जीभ वरच्या दातांमागे टाळूला हलकी टेकवायची, एक लांब श्वास सोडायचा. आणि वेळ वहीत लिहायची. स्वतःला रागवायचं मात्र नाही. ही मुलं आधीच स्वतःला पुरेशी रागवत असतात.

आठवड्यानं वही घेऊन आली. आम्हा दोघींनाही वाटलं होतं की अभ्यास करताना जास्त खुणा असतील. तशा थोड्या होत्याच. पण रोज रात्री 8 ते 9 मध्ये पान भरलेलं.

"8 वाजता काय असतं?"

"आण्णांचा फोन."

बोलता बोलता तिच्या गालाच्या मागच्या कोपऱ्यात कातडीखाली एक गाठ उठली, खाली गेली, पुन्हा उठली. मी तिला ते दाखवलं. तिनं तिथं हात ठेवला आणि बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "प्री निघाली असं सांगितलंय मी घरी. निघालेली नाही."

प्री म्हणजे पूर्व परीक्षा ती पास झाली असं समजून आण्णा, म्हणजे तिचे वडील, रोज मेन्सच्या, पुढच्या मुख्य परीक्षेच्या अभ्यासाचं विचारायचे आणि ती रोज उत्तर द्यायची. या वर्षी नाही झालं तर स्थळं बघायची, असं घरात ठरलेलं. दोन महिने हे चाललेलं. ठणकाही दोन महिन्यांचाच.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. प्रत्येक दुखऱ्या जबड्यामागे असं गुपित असतं असं मुळीच नाही. कुणाला मार लागलेला असतो, कुणाला संधिवात असतो; मनाच्या आजारांवर घेतल्या जाणाऱ्या काही औषधांनीही एखाद्याचा जबडा आवळला जातो. तसं वाटलं तर डॉक्टरांना सांगायचं, औषध आपल्या मनानं बंद करायचं नाही. आणि उलटही होतं: दुखण्यानं झोप उडते, खाणं कमी होतं, मग मन आणखी खचतं. तोंड अचानक अडकलं, सूज किंवा ताप आला, चेहरा बधिर झाला, तर आधी डॉक्टर, आम्ही नंतर.

घरी सांगायचं की नाही हे तिनंच ठरवलं. आम्ही फक्त पहिली दोन वाक्यं तयार केली, ती तिनं माझ्यासमोर चारदा म्हणून पाहिली. दंतवैद्यांनी सांगितलेला ओला शेक, जबड्याचे व्यायाम, मऊ जेवण सोबत चालूच होतं. आण्णांना फोन केला त्या रात्री ते एवढंच म्हणाले, "बरं." नंतर नऊ दिवस त्यांचा फोन आला नाही. त्या नऊ दिवसांत दुखणं चांगलंच वाढलं. ती मला म्हणाली, "तुमचं ऐकून चुकलंच." मी तिला समजावायला गेले नाही. वाट बघण्याचाही ताणच असतो, आणि तो जबडाच उचलत होता. दहाव्या दिवशी आण्णांनी फोन करून फक्त जेवलीस का म्हणून विचारलं.

लग्नाचा विषय अजून मिटलेला नाही. पुढचा अटेम्प्ट द्यायचा की नाही, यावर आम्ही अजून बोलतोय. वहीतल्या रात्रीच्या खुणा आता चार-पाचच असतात, गोळी सुटली आहे. तोंड उघडताना कट् असा आवाज येतो, तो जाईल का, असं तिनं मागच्या वेळी विचारलं. जाईल किंवा राहीलही. दुखत नसेल, तोंड अडत नसेल तर नुसत्या आवाजाला बहुतेक वेळा उपचार लागत नाही, असं मी सांगितलं. मग तिनं न सांगताच तोंड उघडून बोटं घालून दाखवली. तिसरं जरा रेटावं लागलं, पण गेलं.