शेजाऱ्याच्या बोअरने विहीर आटली, दावा लावू का?

प्रश्न : अंबड तालुक्यात माझी ५५ फुटी विहीर आहे, तिच्यावर मोसंबीची बाग. शेजाऱ्याने बांधालगत ६०० फूट बोअर मारला आणि महिन्याभरात विहीर तळाला गेली. गावच्या नळयोजनेची विहीर जवळच आहे, तिचंही पाणी उतरलं. कोर्टातून मनाई मिळेल का? की मीही ८०० फूट मारू?

उत्तर : दाव्याची घाई नको. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार आपल्या जमिनीखालचं, ठरावीक प्रवाहाने न वाहणारं पाणी उपसायचा हक्क जमीनमालकाला आहे. खडकाच्या भेगांतून तुमच्या विहिरीत येणारं पाणी त्याच बोअरने ओढलं, हे दिवाणी कोर्टात शाबीत करेपर्यंत बाग राहायची नाही.

तुमची खरी बाजू गावच्या विहिरीत आहे. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा १ जून २०१४ पासून लागू आहे. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही. त्यामुळे आधी अंतर पक्कं करा. मोबाइलवर मोजलेलं पुढे टिकत नाही; तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या आणि त्यात बोअरचा गट नंबर, विहिरीची पाणीपातळी, तारीख लिहून घ्या. पातळी मोजताना आदल्या रात्रीपासून तुमची मोटर बंद हवी, नाहीतर शेजारी म्हणेल, यानेच उपसलं. बोअर मारणाऱ्या गाडीची पावती किंवा फोटो मिळाला तर उत्तम.

मग ग्रामसभेचा ठराव जोडून तहसीलदारांकडे अर्ज द्या, प्रती जिल्हाधिकारी आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाला. एकट्याच्या तक्रारीला बांधाचं भांडण समजतात. ठराव असला की तो गावाच्या पिण्याच्या पाण्याचा विषय होतो.

आता तुमच्या ८०० फुटांबद्दल. अजिबात नको. गाव अधिसूचित क्षेत्रात, म्हणजे भूजल जपण्यासाठी सरकारने या कायद्याखाली जाहीर केलेल्या भागात, असेल तर शेतीसाठी ६० मीटर, म्हणजे साधारण २०० फुटांखाली जायला मनाई आहे. ते त्याच भूजल कार्यालयात विचारा, शेजाऱ्याविरुद्धही तोच मुद्दा चालेल. पण ५०० मीटरची अट तुमच्या नव्या बोअरलाही लागेल, आणि मग तुमच्या तक्रारीत दम उरणार नाही.

आणखी एक. टंचाई जाहीर झाली तर पिण्याच्या स्रोतापासून एक किलोमीटरच्या आतल्या विहिरींचा उपसा थांबवता येतो, त्यात तुमचीही विहीर येईल. सातबाऱ्यावर तिची नोंद आहे का ते आजच पाहा. आणि अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या.