रेडियस सर्व्हर बंद पाडणारी त्रुटी: पासवर्ड फुटत नसेल, तरी घाई करावी का?

आपण विचारले आहे की, ज्या रेडियस सर्व्हरवरून वाय-फाय आणि व्हीपीएनचे लॉगिन तपासले जाते, त्यात बाहेरून सेवा बंद पाडता येईल अशी त्रुटी आढळली आहे. पण तिच्यामुळे पासवर्ड फुटत नाही, मग नवी आवृत्ती पुढच्या ठरलेल्या देखभालीच्या वेळी टाकली तर चालेल का. माझे उत्तर 'नाही' असे आहे. अशा त्रुटीचा फायदा घेणाऱ्याला बहुतेक वेळा पासवर्ड लागतच नाही, कारण सर्व्हर पासवर्डपर्यंत पोहोचण्याआधीच कोसळतो.

फ्रीरेडियस या मुक्त रेडियस सर्व्हर प्रोग्राममधील एक जुने उदाहरण पाहण्यासारखे आहे. रेडियस पॅकेटमधील प्रत्येक घटकाचा पहिला बाइट प्रकार सांगतो आणि दुसरा लांबी. 'टनेल-पासवर्ड'सारख्या घटकात पुढे आणखी एक बाइट खुणेसाठी राखलेला असतो, म्हणून प्रोग्राम उरलेल्या लांबीतून एक वजा करतो. पाठवणाऱ्याने घटक मुद्दाम रिकामा ठेवला, तर शून्यातून एक वजा होऊन उणे एक उरतो. मेमरीतील मजकूर उतरवणाऱ्या फंक्शनला मात्र उणे संख्या ठाऊकच नसते, आणि 32 बिटांच्या यंत्रावर तो आकडा 4294967295 असा वाचला जातो. तेवढे बाइट उतरवायला निघालेली प्रक्रिया तिथेच कोसळते. ही चूक 0.9.2 आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत होती, 2003 मध्ये नोंदली गेली, आणि 2009 मध्ये 1.1.8 पूर्वीच्या आवृत्त्यांत तीच पुन्हा सापडली. विशेष म्हणजे हा घटक सर्व्हरने होकाराच्या उत्तरात पाठवायचा असतो. विनंतीत त्याला जागाच नाही.

अशी विनंती पाठवायला सामायिक गुपित, म्हणजे सर्व्हर आणि नेटवर्क उपकरण या दोघांनाच ठाऊक असलेला संकेतशब्द, तरी लागत असेल, असे वाटते. परंतु साध्या विनंतीतील 16 बाइटांचा ऑथेंटिकेटर हा केवळ यादृच्छिक आकडा असतो; पाठवणारा कोण, हे सर्व्हर मुख्यतः आयपी पत्त्यावरून ओळखतो, आणि आधी जोडणी न करताच पॅकेट पाठवणाऱ्या यूडीपीच्या 1812 पोर्टवर पत्ता खोटा घालणे अवघड नाही. 'मेसेज-ऑथेंटिकेटर' (सामायिक गुपित वापरून केलेली पॅकेटची सही) सक्तीचा केल्यास हा मार्ग बराच अरुंद होतो, आणि तो आपण करावाच. तरीही दोष ईएपी, म्हणजे वापरकर्त्याच्या उपकरणाने ओळख पटवण्यासाठी सर्व्हरशी करायचा संवाद, हाताळणाऱ्या भागात असेल, तर त्याचा उपयोग होत नाही, कारण सदोष मजकूर आपलाच अॅक्सेस पॉइंट (वाय-फाय पुरवणारे उपकरण) रीतसर सही करून पुढे पाठवतो. फ्रीरेडियसमधील सीव्हीई-2022-41860 (सीव्हीई म्हणजे त्रुटींच्या सार्वजनिक यादीतील क्रमांक) ही त्रुटी अशीच होती: ईएपी-सिममध्ये, म्हणजे सिमकार्डावरून ओळख पटवण्याच्या ईएपी पद्धतीत, अनोळखी पर्याय आला की सर्व्हर शून्य पॉइंटर, म्हणजे मेमरीतील कुठल्याच जागेकडे न नेणारा पत्ता, वाचायला जाऊन बंद पडत असे. म्हणून अहवालात दोष नेमका कोणत्या मॉड्यूलमध्ये आहे ते आधी पाहा. ते मॉड्यूल वापरात नसेल, तर आजच बंद करा.

दुसरा सर्व्हर आहे, या भरवशावर राहू नये. दोन्हींवर एकच आवृत्ती असेल, तर हल्लेखोराला फक्त आणखी एक पॅकेट पाठवावे लागते. लिनक्सवर सेवा चालू ठेवणारा सिस्टमडी, तसे सांगून ठेवले असेल, तर पडलेली सेवा आपोआप पुन्हा सुरू करतो हे खरे, पण मूळ सेटिंगनुसार 10 सेकंदांत 5 वेळा सुरू करूनही ती पडली, तर तोही थांबतो.

एका रात्री सदोष उपकरणाच्या पॅकेटमुळे आमचा सर्व्हर वारंवार पडत होता. आधीपासून जोडलेले लोक काम करत राहिले, त्यामुळे तक्रारी एकेक करून आल्या आणि मूळ कारण ओळखायला आम्हाला उशीर झाला. ते उपकरण नेटवर्कपासून तोडण्यासाठी स्विचवर (उपकरणे नेटवर्कला जोडणाऱ्या पेटीवर) लॉगिन करावे, तर स्विचचे लॉगिनही त्याच रेडियसवर होते: पासवर्ड द्यायचा, बराच वेळ थांबायचे, आणि पुन्हा पासवर्डचीच विचारणा. रेडियसशिवाय चालणाऱ्या, स्विचवरच्याच स्थानिक खात्याचा लिहून ठेवलेला पासवर्ड कधीतरी बदललेला निघाला. शेवटी नेटवर्कशिवाय थेट स्विचला जोडायची कन्सोल केबल घेऊन स्विचपाशी बसावे लागले.

म्हणून आपण आधी प्रत्येक स्विचचे स्थानिक खाते प्रत्यक्ष लॉगिन करून तपासा. मग एका सर्व्हरवर नवी आवृत्ती टाका, चाचणीच्या विनंत्या पाठवणाऱ्या रेडक्लायंट या प्रोग्रामने होकार आणि नकार दोन्ही येतात का ते पाहा, आणि त्याच दिवशी दुसऱ्यावर टाका. तोवर 1812 आणि 1813 ही पोर्ट केवळ आपल्या अॅक्सेस पॉइंट, स्विच आणि व्हीपीएन उपकरणांच्या पत्त्यांना खुली ठेवा, आणि ते पत्ते खोटे घालून आलेली पॅकेट वापरकर्त्यांच्या नेटवर्कच्या तोंडाशीच अडवा.