सेल चौथ्या दिवशी मान का टाकतो?

प्रश्न : ताई, काटोलकडे आमची ४ एकर संत्र्याची बाग आहे. मृग बहारासाठी मे महिन्यात पाणी तोडून ताण देतो, तेव्हा जमिनीत ओल किती उरली हे घरबसल्या कळावं म्हणून इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याने सहा वायरलेस सेन्सर करून दिले. प्रत्येकात ९९०० एमएएच लिहिलेला एक सेल. भाचा म्हणाला, वर्षभर पाहायचं काम नाही. प्रत्यक्षात चौथ्या दिवशी सेल बसतो. नाल्याकडचे दोन तर तिसऱ्याच दिवशी. आमची मंडळी म्हणते, ढोरांना वैरण टाकता तशी आता या डब्यांनाही टाकत जा. सोलर लावू का? एक डबी सोबत पाठवली आहे.
— एक बागायतदार, काटोल तालुका

उत्तर : भाऊ, डबी पाठवलीत हे फार बरं केलं. नाहीतर अंदाजावरच बोलावं लागलं असतं. नागपूरला महालातल्या माझ्या दुकानात रात्री दिवा मालवून झाकण उघडलं, तर आत एक लाल ठिपका मिणमिणत होता. बोर्ड चालू आहे हे सांगणारा एलईडी. चोवीस तास, बंद डबीत, कोणासाठी?

भाच्याचा हिशेब चुकलेला नाही. डबीचं डोकं असलेली ईएसपी३२ची चिप गाढ झोपेत १० मायक्रोअँपिअरच्या आसपास करंट खाते, हे खरंच आहे. पण त्याने झोपवली फक्त चिप, तिच्या भोवतीचं बिऱ्हाड जागंच राहिलं. सेलच्या वायरीत मीटर घालून पाहिलं तर सगळे झोपलेले असताना १४ मिलिअँपिअर जात होते. म्हणजे भाच्याच्या आकड्याच्या चौदाशे पट.

मग एकेक काढत गेले. एलईडी उपटला, २ मिलिअँपिअर कमी झाले. ओलावा मोजणारी पट्टी सोडवली, ५ गेले. ती सेलला थेट जोडलेली होती, त्यामुळे कोणी विचारो न विचारो, माती मोजतच बसली होती. ३.३ व्होल्ट करून देणारा १११७ जातीचा रेग्युलेटर काही न करता ५ खात होता. उरलेले बहुतेक यूएसबीच्या चिपने खाल्ले, जी प्रोग्राम भरण्यापुरतीच लागते. असा बोर्ड टेबलावर शिकायला उत्तम, पण शेतात नेऊन बसवायचा नसतो.

त्या रेग्युलेटरची आणखी एक खोड आहे. त्याला येणाऱ्या आणि जाणाऱ्या व्होल्टेजमध्ये १ व्होल्टच्या आसपास अंतर लागतं. सेल भरलेला असतो ४.२ वर. तेव्हाही ३.३ जेमतेमच मिळतात. तो थोडा उतरला की तेवढेही पुरेनासे होतात आणि सेलमध्ये माल शिल्लक असतानाच बोर्ड मान टाकतो.

आता सेल. तुमच्या डबीत आहे तशा १८६५० मापाच्या चांगल्यातल्या चांगल्या सेलमध्ये साडेतीन हजार एमएएचच्या आसपास मावतात. ९९०० लिहिणाऱ्याने पिशवीवर पाच किलो लिहून पावशेर साखर भरावी तसं केलं आहे. तुमचा सेल मी भरून, ठराविक करंटवर रिकामा करून पाहिला. ११८० भरला. ११८० भागिले १४ केलं की ८४ तास येतात, म्हणजे साडेतीन दिवस. तुमचा चौथा दिवस हाच. वजनावरूनही अंदाज येतो. खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास असतो, हा हातात घेतला तर पोकळ वाटतो. सीताबर्डीत घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला सरळ २५०० किंवा २६०० वाला मागा. मोठा आकडा लिहिलेला तो हौसेने दाखवेलच.

मी काय केलं ते भाच्याला वाचून दाखवा. रेग्युलेटर बदलून एमसीपी१७०० बसवला. तो स्वतःसाठी २ मायक्रोअँपिअरसुद्धा घेत नाही आणि त्याला अंतरही कमी लागतं. ओलाव्याच्या पट्टीला चिपच्या एका पायातून वीज दिली : जाग आली की पट्टी चालू, अर्धा सेकंद स्थिरावू द्यायची, वाचायचं, बंद. यूएसबी काढून टाकली. आता झोपेतला करंट आहे ४० मायक्रोअँपिअर. दिवसाला १ एमएएच.

नाल्याकडचे दोन आधी का मरतात, याचं उत्तर मला प्रोग्राममध्ये सापडलं. डबीतून दूरवर निरोप पाठवणाऱ्या लोरा रेडिओला किती सावकाश बोलायचं ते सांगणारा एक आकडा असतो, ७ ते १२. भाच्याने सगळ्यांना १२ दिला आहे. १२ वर आवाज लांब जातो, हे बरोबर. पण वीसेक बाइटचा जो निरोप ७ वर ६० मिलिसेकंदांच्या आत सांगून होतो, त्याला १२ वर सव्वा सेकंदाहून जास्त लागतो, आणि तेवढा वेळ रेडिओ सेल ओरपत असतो. त्यात प्रोग्राम असा, की पोच आली नाही तर आठ वेळा पुन्हा ओरडायचं. नाल्याकडून पोच मुळातच कमी येत असणार. आणि डब्यांचे निरोप गोळा करणारा तुमचा गेटवे कुठे आहे? पत्रात लिहिलं नाही, पण मोटारीच्या खोलीत असेल अशी माझी शंका आहे. शेतातली लाइट कधी दिवसा येते, कधी रात्री. लाइट गेली की गेटवे मुका होतो, आणि सहाही डब्या अंधारात हाका मारत बसतात.

म्हणून पोच मागणं बंद करा. एखादा निरोप हुकला तर काय बिघडतं? पुढचा येईलच. आणि प्रोग्राममध्ये आहे तसा दर दहा मिनिटांनी निरोप कशाला? ताणावर असलेल्या बागेतली ओल दहा मिनिटांत हलत नाही, तासाला एकदा खूप झालं. गेटवेला एक छोटी बॅटरी द्या. नाल्याकडच्या डब्यांचे अँटेना बांबूवर झाडाच्या शेंड्यावर काढा. संत्र्याची पानं दाट, त्यात पावसाने ओली झाली की सिग्नल गिळतात. तुमचे अँटेना गुडघ्याएवढ्या उंचीवर पानांत दडलेले असतील, तर १२ काय नि २० काय. वर काढल्यावर ९ वर चालतं का पाहा. तासाला एक निरोप, प्रत्येक वेळी सेकंदभर जाग, असं धरलं तर बोलण्याचा खर्च दिवसाला अर्ध्या एमएएचच्याही आत बसतो.

कागदावर हे पाच वर्षं चालेल. मी मात्र दीडच वर्ष धरीन, कारण सेल पडल्यापडल्याही गळतो आणि आपल्या उन्हात जास्तच गळतो. नागपूरकडचा ४५ अंशांचा मे आणि काळी डबी! आत ६० सहज होतात. डबीला पांढरा रंग द्या आणि झाडाच्या उत्तर अंगाला बांधा.

सोलर आत्ता नको. गळकी टाकी दिवसातून चारदा भरण्यातला प्रकार होईल. शिवाय साधा लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचा नसतो, आणि तुमचं पॅनल नेमकं भर उन्हात तेच करेल. पुढे लावायचंच झालं तर लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल घ्या, तो उष्णतेला जास्त टिकतो. पण त्याचं चार्जिंग वेगळं असतं, या चार्जरवर त्याला चढवू नका.

प्रश्न : गच्चीवरच्या टाकीत पाण्याची पातळी सांगणारा वायरलेस सेन्सर आहे. सेल उतरले की आई ते उन्हात ठेवते आणि ते पुन्हा चालतात! हे खरं आहे का?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : माझी आईही ठेवायची, रेडिओचे. सेल चालतात हे खरं आहे, पण चार्ज होत नाहीत. उतरलेल्या सेलमध्ये थोडा माल उरलेला असतो. विसावा आणि ऊब मिळाली की आतली रासायनिक क्रिया जरा सरकते आणि काही तास ढकलले जातात. उन्हाने सेल फुटून पाझरला तर मात्र सेन्सरच्या पितळी पट्ट्या खातो, मग मला बोलावता. आईंना म्हणावं, कुरडया वाळवा, सेल नको. नवे टाकाल तेव्हा सगळे एकदम बदला. एक नवा आणि दोन जुने असे घातले की जुने आधी उलटे भरू लागतात आणि पाझरतात.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या पाणी-मीटरमध्ये ३.६ व्होल्टचा न चार्ज होणारा सेल आहे. मोजला तर पूर्ण ३.६ दाखवतो, तरी मीटर निरोप पाठवत नाही.
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : हा थायोनिल क्लोराइडचा सेल. शेवटपर्यंत जवळजवळ तेवढंच व्होल्टेज दाखवतो, म्हणून नुसतं व्होल्टेज मोजून काही कळत नाही. शिवाय बराच काळ पडून राहिला की आत एक पापुद्रा धरतो आणि एकदम जास्त करंट मागितला की व्होल्टेज खाली बसतं. निरोप पाठवायच्या क्षणीच मोजा. त्या क्षणी ३ च्या खाली जात असेल, तर अशा क्षणी लागणारा जास्तीचा करंट साठवून ठेवणारा सेलशेजारचा कपॅसिटर आधी तपासून घ्या.

काटोलच्या भाऊंसाठी : डबी दुरुस्त झाली आहे. भाच्यालाच घ्यायला पाठवा. त्या एमसीपी१७००चे तीन पाय १११७ पेक्षा वेगळ्या क्रमाने असतात. बाकीच्या पाच डब्या करताना तो तिथेच फसणार, म्हणून एकदा समोर बसवून दाखवते.