बुधवारी गप्प होणारा मुलगा

ताई, आम्ही नेदरलँड्समध्ये आम्स्टेलव्हेनला राहतो. मुलगा एकोणीस वर्षांचा. जीन्स धुवायला टाकताना छोट्या खिशात गुलाबी गोळीचा तुकडा सापडला. म्हणतो, "एक्सटीसी आहे आई, सगळेच घेतात." म्हणजे पार्टीत घेतात ती नशेची गोळी, एक्स्टसी. पार्टीनंतर रविवारी बरा असतो, मंगळवार-बुधवारी मात्र डोक्यावरून पांघरूण घेऊन पडतो, जेवत नाही. व्हॉट्सअॅपवर वाचलं की याने मेंदूला भोकं पडतात. खरं का?

— एक आई

भोकं पडत नाहीत, आणि पडतात असं त्याला सांगूही नका. 2002 साली एका नामांकित विज्ञान-नियतकालिकात छापून आलं होतं की, या गोळीच्या एका रात्रीच्या डोसाने माकडांच्या मेंदूतल्या, डोपामिन हे रसायन बनवणाऱ्या पेशी मरतात. पुढे कळलं, बाटल्यांची लेबलं बदलली गेली होती आणि माकडांना दिलं होतं मेथअॅम्फेटामिन, म्हणजे दुसरंच एक नशेचं द्रव्य. 2003 मध्ये तो लेख मागे घेतला. मुलं हे सगळं शोधून काढतात. एक गोष्ट खोटी निघाली की आपल्या खऱ्या बोलण्यावरही त्यांचा विश्वास उरत नाही.

खरं आहे तेच पुरेसं गंभीर आहे. सेरोटोनिन हे मनःस्थिती सांभाळणारं मेंदूतलं एक रसायन. ते बनवणाऱ्या पेशी मेंदूच्या देठात असतात. अब्जावधी पेशींत या जेमतेम काही लाख, पण त्यांचे तंतू मेंदूभर पोचतात. एरवी त्या थोडं सेरोटोनिन सोडतात आणि एका दारातून परत आत ओढून घेतात. ही गोळी त्याच दारातून आत शिरते आणि दार उलटं फिरवते. साठा भडाभडा बाहेर येतो, म्हणून सगळं जग प्रेमळ वाटतं. त्याच वेळी नवं सेरोटोनिन बनवणारं एन्झाइमही मंदावतं. कोठार रिकामं आणि भरणं बंद! तुमच्या मुलाचा बुधवार बहुधा हाच. त्याला आळस समजून रागावू नका.

माकडांना सलग चार दिवस, रोज दोनदा मोठे डोस दिले, तेव्हा सात वर्षांनंतरही मेंदूच्या काही भागांत हे तंतू विरळच होते. पेशी जगल्या, फांद्या झडल्या. भरपूर गोळ्या घेणाऱ्या माणसांच्या स्कॅनमध्येही ती दारं कमी दिसतात. सोडल्यावर बरीचशी परत येताना दिसतात. म्हणून आत्ता थांबण्याला खरंच अर्थ आहे.

शनिवारी निघताना दारात अडवून बोलू नका. बुधवारी गरम वरणभाताचं ताट घेऊन त्याच्या खोलीत जा आणि विचारा, "किती वेळा घेतोस? सोबत आणखी काय घेतोस?" नैराश्यावरची औषधं चालू आहेत का, हे तर विचाराच. त्यांतल्या काहींसोबत ही गोळी जीवघेणी ठरते. हाउसआर्ट्सकडे, म्हणजे तुमच्या फॅमिली डॉक्टरकडे, त्याला एकट्याला जाऊ द्या, तिथलं बोलणं तुमच्यापर्यंत येणार नाही हेही आधीच सांगा.

आणि घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवा: अंग तापलं, शरीर ताठरलं, बोलणं असंबद्ध झालं, तर लगेच 112 या आपत्कालीन नंबरावर फोन करा. नुसतं पाणी पाजत बसू नका. फार पाण्याने रक्तातलं सोडियम उतरतं आणि मेंदूला सूज येते. गोळी घेतली होती, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.