वादळ गेलं, आता आवरायचं: पडलेली झाडं अन् लोळलेलं तार कंपाउंड

मे संपत आला की आपल्याकडे खानदेशात ठरलेलं आहे, दुपारभर 44 डिग्री तापतं, संध्याकाळी सातपुड्याकडून नाहीतर पश्चिमेकडून काळं होतं आणि अर्ध्या तासात केळी आडवी, पत्रे शेजारच्या वावरात. या आठवड्यात प्रश्न जास्त करून झाडं आणि कंपाउंडचेच आलेत, तेच घेतो.

प्रश्न: यावलकडे वावर आहे. बांधावरचा मोठा निंब मुळासकट तार कंपाउंडवर पडलाय, पाच-सहा पोल वाकले. कटर मशीन भाड्याने आणतोय. कुठून कापायला सुरू करू?

भाऊ, मशीन आणा पण चालू करू नका अजून. आधी लाईटची तार बघा. झाडाबरोबर विजेची तार तुटून कंपाउंडवर पडली असेल तर ते अख्खं कंपाउंड करंट मारू शकतं, तुम्ही दोनशे फुटांवर हात लावला तरी. गावात लाईट गेलेली आहे म्हणून बिनधास्त राहू नका, ती कधीही येते. महावितरणच्या 1912 ला फोन करा, वायरमन येऊन सप्लाय बंद आहे सांगेल तेव्हाच जवळ जा. कंपाउंडच्या तारेला जनावरं हाकलायचं झटका मशीन जोडलेलं असेल तर तेही बंद करा.

मग तार. झाडाच्या वजनाने ती धनुष्याच्या दोरीसारखी ताणलेली असते, आणि लोक नेमकी तीच पक्कडने कापतात नाहीतर वरचं लाकूड उचलतात. मी स्वतः केलंय हे, तार सापासारखी उलटी आली अन् पोटरीवर अजून तिची खूण आहे. ताणलेल्या जागी हात घालूच नका, दोन्ही बाजूचे चार-पाच पोल सोडून पुढे जा, तिथून बाइंडिंगच्या तारा उलगडत या, कोपऱ्यावरचा ताण हळूहळू ढिला करा, आणि तारेच्या रेषेत कोणी उभं राहू नका.

आता कापणं. शेंड्याकडून बारीक फांद्या काढत या, पण ज्या फांद्यांवर खोड टेकलंय त्या राहू द्या, तेच त्याचे पाय आहेत. खोड दोन्हीकडे टेकलेलं आणि मध्ये अधांतरी असेल तर वरच्या अंगाला दाब असतो, सरळ वरून कापत गेलात की मशीनची पट्टी अडकते. म्हणून वरून तिसरा हिस्सा कापा आणि बाकीचं खालून वर. एकीकडे लोंबत असेल तर बरोबर उलटं. आणि सगळ्यात वाईट जागा म्हणजे मुळांचा तो उभा राहिलेला गड्डा. खोडाचं वजन कमी झालं की तो धाडकन परत खड्ड्यात बसतो, म्हणून पोरांना त्या खड्ड्याजवळ फिरकू देऊ नका, आणि बुंध्याकडचा तुकडा जेसीबीने गड्डा धरल्याशिवाय कापू नका. जेसीबीचा तासाचा भाव आठवून खूप जण इथेच हात आखडता घेतात.

प्रश्न: शेजाऱ्याची बाभूळ माझ्या कंपाउंडवर पडली, तो म्हणतो वाऱ्याने पडली, मी काय करू. खर्च कोणाचा? (चोपडा)

वावरातल्या झाडाचा हक्क त्या वावराच्या खातेदाराचा, महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 25 मध्ये तसं आहे, म्हणजे लाकूड त्याचं. ते तुम्ही परस्पर विकू नका. पण खर्चाचं गणित वेगळं. हिरवंगार धडधाकट झाड वादळात पडलं तर त्याच्याकडून भरपाई काढणं अवघड आहे. झाड वाळलेलं होतं, आणि तुम्ही आधी लेखी सांगितलं होतं, तर तुमची बाजू पक्की. तोंडी सांगितलेलं कोणाला आठवत नाही. कापायच्या आधी चारी बाजूंनी फोटो काढा, तलाठी आप्पांना कळवा. आणि खरं सांगू, लाकूड त्याने घ्यावं अन् पोल त्याने बसवून द्यावेत, एवढ्यावर चहा पिऊन मिटवा, नाहीतर पोलांपेक्षा चोपड्याच्या कचेरीच्या चकरा महाग पडतील.

केळीवाल्यांसाठी इथेच सांगून टाकतो: फळपीक विमा काढलेला असेल तर वाऱ्याच्या नुकसानीची माहिती 72 तासांच्या आत द्यायची असते. पण विम्यात पीक असतं, कंपाउंड नसतं.

प्रश्न: माझ्या कंपाउंडवर झाड पडलंच नाही, तरी चाळीस पोल एका ओळीत झोपले. नवीन काम होतं, सिमेंटचे पोल. ठेकेदाराने फसवलं का?

ठेकेदाराचं नंतर बघू, आधी सांगा, कंपाउंडला हिरवी नेट बांधली होती का? फोटोत दिसतेय. नुसत्या तारेतून वारा निघून जातो. नेट लावली की तेच कंपाउंड होडीचं शीड होतं. ती आधी काढा.

दुसरं म्हणजे आपली तापीकाठची काळी जमीन. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, माती पोलपासून सुटते, पोल नुसता भोकात उभा राहतो, आणि वादळ नेमकं तेव्हाच येतं. उकरलेलीच काळी माती परत भरली असेल तर हे होणारच. खड्डा दोन-अडीच फूट घ्या, भरताना मुरूम आणि दगड थर-थर कुटून भरा. कोपऱ्याचे पोल आणि मध्ये दर दहावा पोल काँक्रीटमध्ये, आणि कोपऱ्याला दोन्हीकडून तिरपे टेकू. त्या टेकूचे पैसे वाचवले की सगळी ओळ एकमेकांना ओढत खाली येते, तुमच्याकडे तेच दिसतंय. काँक्रीटला सात दिवस पाणी मारा, मगच तार ओढा. आणि भर उन्हात तारेतून सूर निघेल इतकी ओढू नका, डिसेंबरच्या थंडीत ती आकसते.

प्रश्न: सहा वर्षांचा केशर आंबा अर्धा कलंडलाय, एक फांदी चिरून लोंबतेय. वाचेल का? (नंदुरबार)

वाचायची शक्यता चांगली आहे, पण उद्या-परवाच उभा करा. तोवर उघड्या मुळांवर ओलं गोणपाट. फांद्यांचा तिसरा हिस्सा कमी करा, खोडाला जुनी सायकल ट्यूब गुंडाळून दोर हळूहळू ओढा, माती दाबा, तीन दिशांना ताण द्या आणि वर्षभर सोडू नका. चिरलेली फांदी साफ कापून बोर्डो पेस्ट लावा: 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), 1 किलो चुना, 10 लिटर पाणी, प्लास्टिकच्या बादलीत. त्यात लोखंडी खिळा बुडवून बघा, तांबूस झाला तर चुना कमी आहे.

प्रश्न: पडलेलं चिंचेचं लाकूड लगेच विकू का?

नको. चिंच, आंबा, साग, मोह, खैर ही झाडं 1964 च्या झाडतोड कायद्यात येतात. फोटो, पंचनामा, मग वनविभागाच्या रेंज ऑफिसला विचारून. शहराच्या हद्दीत असाल तर नगरपालिकेत.

प्रश्न: अमळनेरहून एक ताई. दारातला निंब कमरेएवढ्या उंचीवर मोडला. आखाजीला (अक्षय तृतीयेला) त्यालाच झोका बांधायचो. परत फुटेल का?

फुटेल ताई, मुळं जमिनीत आहेत ना. मोडका भाग तिरपा साफ कापा म्हणजे पाणी साचणार नाही, भोवती काट्या लावा, कारण पहिला फुटवा बकरीच खाते. पावसाळ्यात धुमारे येतील, त्यातले दोन-तीन जोमदार ठेवा. झोक्याला मात्र दहा-बारा वर्षं. तोवर पोरींनी तो पत्र्याच्या शेडच्या अँगलला बांधू नये, तसं एक शेड खाली आलेलं मी बघितलंय.