टर्नटेबल आणि स्पीकर एकाच कपाटावर आहेत, आवाज वाढवला की घुमायला लागतं. वूफर (स्पीकरमधला बेस वाजवणारा मोठा भाग) डोलतो, जवळून कोणी चाललं की सुईही उडते. खाली स्पाइक (टोकदार धातूचे पाय) लावू, रबर लावू की स्प्रिंग?

तुमच्या प्रश्नात तीन तक्रारी एकत्र आल्या आहेत. आवाज वाढवला की खालच्या पट्टीत ‘हूंऽऽ’ सुरू होऊन वाढत जातं, रेकॉर्ड वाजताना वूफरचा पडदा आतबाहेर डोलतो, आणि जवळून कोणी चाललं की सुई उडते. दुकानदाराने तिन्हींवर एकच महागडे पाय सुचवले आहेत. पण तिघांची कारणं वेगळी आहेत आणि त्यातल्या एकाला तर पायांचा काडीचाही उपयोग नाही. त्यामुळे खरेदी आठवडाभर थांबवा आणि आधी कंपन कुठून येतंय ते शोधा.

टर्नटेबलच इतकं नाजूक का, हे आधी. सुई जे वाचते ते मायक्रॉनमध्ये मोजायच्या हालचाली असतात. सुईच्या दृष्टीने खाचेची भिंत हलली काय किंवा अख्खं टर्नटेबल हललं काय, दोन्ही सारखंच. त्यात फोनो प्रीअँप (सुईचा क्षीण सिग्नल अँपला पुरेल इतका वाढवणारा भाग) रेकॉर्डिंगच्या वेळी कमी केलेला बेस परत वाढवतो: २० हर्ट्झला १००० हर्ट्झच्या तुलनेत सुमारे १९ डेसिबल, म्हणजे नऊपट. कपाटाची थरथर बरोबर याच भागात येते. ती वाढून स्पीकरमध्ये जाते, स्पीकर कपाट हलवतो, कपाट सुईला हलवतं. चक्र पूर्ण झालं की घुमणं सुरू.

आता चाचणी. आवाज शून्यावर आणा, मोटर बंद ठेवा, थांबलेल्या रेकॉर्डवर सुई ठेवा. एक हात व्हॉल्यूमवरच असू द्या आणि नेहमीच्या पातळीपर्यंत हळूहळू वाढवत जा. घुमायला लागलं की लगेच खाली. वूफर जळायला फार वेळ लागत नाही. कोणत्या आकड्यावर सुरू झालं ते लिहून ठेवा. मग दोन्ही स्पीकर कपाटावरून उचलून खुर्च्यांवर ठेवा, जागा शक्यतो तीच, फक्त कपाटाला स्पर्श नको. चाचणी पुन्हा करा. घुमणं गेलं किंवा बरंच वरच्या आकड्यावर सरकलं, तर कंपन लाकडातून येत होतं. जवळजवळ तसंच राहिलं, तर ते हवेतून येतंय आणि पाय कितीही चांगले घेतले तरी फरक पडणार नाही. हवेतून येत असेल तर टर्नटेबल कोपऱ्यातून हलवा, कारण बेसचा दाब खोलीच्या कोपऱ्यात सर्वांत जास्त असतो. दुसरं, वाजवताना डस्ट कव्हर पूर्ण काढून पाहा. अर्धवट उघडं कव्हर म्हणजे ताणून धरलेलं शीड. त्यावर आदळलेला आवाज बिजागऱ्यांमधून थेट प्लिंथमध्ये, म्हणजे टर्नटेबलच्या बैठकीत, उतरतो.

फोनो प्रीअँप वेगळा असेल तर याहून नेमकी चाचणी जमते. त्याचं आउटपुट अँपऐवजी कॉम्प्युटरच्या ऑडिओ इंटरफेसला जोडा, सुई थांबलेल्या रेकॉर्डवर ठेवा, आणि फोनवरून अँपच्या दुसऱ्या इनपुटला २० ते २०० हर्ट्झचा सरकता सूर वाजवा. सुईने जे ऐकलं ते रेकॉर्ड होतं, चक्र तुटलेलं असल्यामुळे घुमायचा धोका नाही, आणि प्रत्येक बदलानंतर आधीचा-नंतरचा आलेख शेजारी ठेवून पाहता येतो. ‘बेस घट्ट झाला’ वगैरे कानाच्या साक्षीपेक्षा हे बरं.

तुमच्या मांडणीत स्पीकर कपाटावरून उतरवणं हाच सर्वांत मोठा आणि जवळपास फुकट उपाय आहे. ते शक्यच नसेल, किंवा करूनही पुरेसं नसेल, तर पुढचं वाचा.

कंपनापासून वेगळं करणं म्हणजे वजन आणि स्प्रिंग, बाकी काही नाही. रबर, जेल, हवेची ट्यूब, सगळ्या स्प्रिंगच. तुमचं उपकरण ठेवल्यावर ती किती मिलिमीटर दबते यावर तिची स्वतःची डोलण्याची वारंवारता ठरते. १५.८ ला दबलेल्या मिलिमीटरच्या वर्गमुळाने भागा, हर्ट्झ मिळतात. १ मिमी दबली तर सुमारे १६ हर्ट्झ, ४ मिमीला ८, १० मिमीला ५, १६ मिमीला ४. आणि कंपन अडवायला सुरुवात होते ती या आकड्याच्या १.४ पटीच्या वर. त्याखाली काहीच अडत नाही, उलट त्या वारंवारतेच्या आसपास कंपन वाढतं. बाजारातले चकचकीत पाय घेताना हा एकच प्रश्न विचारा: माझ्या वजनाखाली किती दबतात? याचं उत्तर नसेल तर बाकीची माहिती जाहिरात आहे.

उदाहरण म्हणून १ मिमी दबणारे रबराचे पाय घ्या. २० हर्ट्झचं कंपन त्यावर जवळपास पावणेदोन पट होऊन वर पोचतं. ४० हर्ट्झला साधारण पाचवा हिस्सा पोचतो, म्हणजे थोडा फायदा. तेच १६ मिमी दबणाऱ्या स्प्रिंगवर ४० हर्ट्झचा हिशेबाने शंभरावा हिस्सा उरतो. प्रत्यक्षात इतकं मिळत नाही, कारण स्प्रिंगची वेटोळी स्वतःही थरथरतात आणि वायरींतूनही थोडं वर जातं, पण फरक दोन बोटांचा नाही, दोन गावांचा आहे.

स्पाइक याच्या बरोबर उलट काम करतात. टोक कडक असतं, दबत नाही, म्हणून जोडतं. कंपन वरून खाली जाऊ देतं पण खालून वर येऊ देत नाही, हा ‘एकमार्गी’ दावा भौतिकशास्त्राला मान्य नाही. स्पाइकचा खरा उपयोग जाड गालिच्यातून आरपार जाऊन स्टँड डुगडुगू नये एवढाच, आणि तिथे तो चांगला आहे. टर्नटेबलखाली नको.

रबर आणि सॉर्बोथेन (कंपन शोषणारं मऊ, रबरासारखं द्रव्य) यांची एक अडचण लोक विसरतात: ते ठरावीक वजनासाठी असतात. सॉर्बोथेनचा तुकडा साधारण १० ते २० टक्के दबला पाहिजे. वजन कमी पडलं तर तो दगडासारखा वागतो, जास्त झालं तर फुगून पसरतो. म्हणून मोठी चकती घेण्यापेक्षा वजन भागिले पाय असा हिशेब करून तेवढ्या भाराची घ्या. रबर कंपनाखाली स्थिर वजनापेक्षा जास्त ताठ वागतं, त्यामुळे वरच्या सूत्राने आलेला आकडा रबराच्या बाबतीत आशावादी धरा. आणि पॉलिश केलेल्या लाकडावर सॉर्बोथेन थेट ठेवू नका, तेलकट डाग पडतो. मध्ये काचेचा किंवा प्लॅस्टिकचा तुकडा घाला.

टर्नटेबलसाठी मी स्प्रिंगवरची जड पाटी करेन. ८ किलोचं टर्नटेबल आणि ४५ × ३५ × ३ सेंमीची ग्रॅनाइटची फरशी धरू. फरशी सुमारे १३ किलो, एकूण २१. चार स्प्रिंग म्हणजे प्रत्येकीवर सव्वापाच किलो, साधारण ५१ न्यूटन. १५ मिमी दबायला हवी तर स्प्रिंगचा ताठपणा ५१ भागिले १५, म्हणजे ३.४ न्यूटन प्रति मिमी. वारंवारता ४ हर्ट्झच्या जरा वर येते. स्प्रिंग मोकळी असताना ५० मिमी उंच आणि ३५ ते ४० मिमी रुंद असू द्या. उंच आणि बारीक स्प्रिंग बाजूला कलंडते. पूर्ण दाबल्यावर तिची उंची २५ मिमीपेक्षा जास्त नसावी, नाहीतर वेटोळी एकमेकांना टेकतात आणि स्प्रिंगचा खांब होतो.

४ हर्ट्झच का? टोनआर्म (सुई धरणारा दांडा) आणि कार्ट्रिज (त्याच्या टोकाचा, सुई बसवलेला भाग) मिळून स्वतः ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान डोलतात, निदान डोलायला हवेत. पाटीही तिथेच डोलू लागली तर दोघं एकमेकांना झोके देतात. ४ मिमी दबणारे जेलचे पाय नेमके ८ हर्ट्झवर येऊन बसतात. ‘पाय लावल्यापासून जास्तच बिघडलं’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं.

बसवताना सर्वांत जास्त वेळ गुरुत्वमध्य शोधण्यात घालवा. फरशीवर टर्नटेबल, प्लॅटर (रेकॉर्ड जिच्यावर फिरते ती तबकडी), रेकॉर्ड, सगळं ठेवा. खाली एक गोल पाइप आडवा घालून फरशी ज्या रेषेवर तोलून राहते तिथे कडेला खडूने खूण करा. दुसऱ्या दिशेने तेच करा. हे काम दोघांनी करायचं, फरशी निसटली तर बोटं चेंगरतात. दोन रेषा जिथे छेदतात त्या बिंदूपासून चारही स्प्रिंग सारख्या अंतरावर आणि जमेल तितक्या लांब. हा बिंदू फरशीच्या मधोमध सहसा नसतो, कारण मोटर आणि आर्म एका बाजूला असतात. स्प्रिंग नुसत्या चार कोपऱ्यांत ठेवल्या तर पाटी तिरकी बसते, मग लोक जड बाजूला नाणी सारून सपाटी आणतात. ती सपाट दिसते, पण धक्का बसला की सरळ खाली-वर न होता वेडीवाकडी डुलते. शेवटची सपाटी लेव्हलने प्लॅटरवर तपासा, प्लिंथवर नाही.

नुसत्या स्टीलच्या स्प्रिंगला थांबायचं माहीत नसतं. आत मऊ स्पंजचा तुकडा सैलसर घाला, कोंबू नका. पाटी बोटाने दाबून सोडल्यावर तीन-चार हेलकाव्यांत शांत झाली की पुरे. ठरल्याप्रमाणे ४ हर्ट्झ आले का हे बघायला फोन फरशीवर ठेवून फायफॉक्स हे अ‍ॅप चालवा. आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठात तयार झालेलं हे अ‍ॅप फोनच्या प्रवेगमापकाचा वर्णपट, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती थरथर आहे ते, दाखवतं. पाटीला टिचकी मारली की शिखर कुठे आलं ते दिसतं.

दोन गोष्टी हमखास चुकतात. एक, जाड ताठ केबल. स्प्रिंगवर तरंगणाऱ्या पाटीला मागून केबल ओढत असेल तर तीच कंपनाचा पूल होते. सिग्नलच्या आणि अर्थिंगच्या वायरला सैल वळसा ठेवा आणि तो कपाटाच्या मागच्या फळीला घासत नाही ना ते पाहा. दुसरं, मोटर वेगळ्या डब्यात असलेलं बेल्ट ड्राइव्ह. मोटरचा डबा पाटीबाहेर कपाटावर राहिला तर पाटी डोलताच बेल्टचा ताण बदलतो आणि पियानोचे लांब सूर लाटांसारखे हलतात. मोटर पाटीवरच हवी. तुमचं टर्नटेबल आधीच आतून स्प्रिंगवर टांगलेलं असेल, १९६१ च्या एआर एक्सए या टर्नटेबलपासून चालत आलेल्या पद्धतीचं, तर यातलं काहीच करू नका. स्प्रिंगवर स्प्रिंग म्हणजे दोन पाळणे एकमेकांत. त्याला हलकी, ताठ, डुगडुगणार नाही अशी फळी द्या.

आता चालण्याने सुई उडते त्याबद्दल. माणूस सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो, म्हणजे धक्के २ हर्ट्झवर आणि त्याच्या पटीत, ४, ६ असे येतात. वरची पाटी ४ हर्ट्झवर डोलते. म्हणजे लवचिक लाकडी जमिनीवर तिने फायदा सोडाच, नुकसान होऊ शकतं. जमीन काँक्रीटची असेल तर बहुतेक वेळा कपाटच डुगडुगत असतं. पायाखाली पाचर मारा, मागून भिंतीला दोन कंस लावून घट्ट करा, प्रश्न तिथेच मिटतो. जमीन लाकडी असेल तर भिंतीवरचं शेल्फ हा एकच भरवशाचा मार्ग आहे. भिंत विटांची किंवा काँक्रीटची हवी. पातळ पार्टिशन नको, ते बेसवर ढोलाच्या कातड्यासारखं वाजतं.

राहिला डोलणारा वूफर. घुमण्याचा आवाज नसताना पडदा संथपणे आतबाहेर होत असेल तर घड्याळ लावा. दर १.८ सेकंदांनी तोच झोका परत येत असेल तर ती रेकॉर्डच्या एका फेरीची वेळ आहे (मिनिटाला ३३⅓ फेऱ्या), आणि दोष वाकडी रेकॉर्ड किंवा न जुळणारं आर्म-कार्ट्रिज यांचा. आर्मचं परिणामी वस्तुमान (सुईला जाणवणारं आर्मचं वजन), कार्ट्रिजचं वजन आणि स्क्रू ग्रॅममध्ये मिळवा, त्याला कार्ट्रिजच्या कंप्लायन्सने (सुईच्या लवचिकतेचा आकडा) गुणा, वर्गमूळ काढा आणि १५९ ला त्याने भागा. ९ ग्रॅमचा आर्म, साडेसहा ग्रॅमचं कार्ट्रिज, अर्धा ग्रॅम स्क्रू, कंप्लायन्स १५ असेल तर उत्तर १०.३ हर्ट्झ, उत्तम. ६-७ आलं तर कार्ट्रिज बदला किंवा फोनो प्रीअँपवर २० हर्ट्झच्या आसपासचा सबसोनिक फिल्टर (त्याखालची थरथर अडवणारा) लावा.

स्पीकरखाली मऊ काही घालायचंच असेल तर ते खालच्या मजल्यावरच्यांसाठी घाला, तिथे खरंच फरक पडतो. सूत्र तेच. ३० हर्ट्झ वाजवणाऱ्या सबवूफरला १५ हर्ट्झचे पाय जेमतेम पुरतात. १० च्या खाली या. उंच उभ्या स्पीकरखाली मात्र स्प्रिंग घालू नका, लहान मूल टेकलं तरी तो डोक्यावर येईल.

ट्रान्झिस्टर अँप, डॅक (डिजिटल सिग्नलचा अ‍ॅनालॉग करणारा डबा), स्ट्रीमर (इंटरनेटवरून गाणी वाजवणारा) यांच्याखाली काहीही घालून आवाज बदलत नाही. सीडी प्लेअर जोरात धक्का बसला तरच अडखळतो. व्हॉल्व्ह अँप असेल तर प्रत्येक छोट्या व्हॉल्व्हवर पेन्सिलीच्या रबरी टोकाने हळूच टकटक करा. ज्याची टकटक स्पीकरमधून घंटेसारखी ऐकू येते, तो व्हॉल्व्ह बदला.